उन्हाळ्यात असेंबल्ड पीसी पुन्हा पुन्हा तापतो: पंखे वाढवायचे की लिक्विड कूलर लावायचा?

मार्चअखेरीपासून ही तक्रार ठरलेली असते. हिवाळ्यात मुकाट चालणारा पीसी गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांत अडखळायला लागतो, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो, रेंडरला दुप्पट वेळ लागतो. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलली की दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. अशा वेळी कुणीतरी सांगतं, ‘लिक्विड लाव, प्रश्न मिटेल.’ पुष्कळदा तो मिटत नाही, कारण मूळ दोष कूलरमध्ये नसतोच.

लिक्विड कूलर उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरची उष्णता पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत नेतो, आणि तिथून ती हवेत सोडायचं काम शेवटी पंख्यालाच करावं लागतं. टॉवर एअर कूलरच्या तांब्याच्या हीटपाइपांमध्येही थोडं पाणी असतंच. कमी दाबामुळे ते तळाशी लवकर वाफ होतं, पात्यांजवळ थंड होतं आणि आतल्या सच्छिद्र थरातून परत खाली येतं. म्हणजे दोन्ही प्रकारांत उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच जाते, आणि दोन्हींपैकी एकही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर थांबणारा प्रोसेसर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८८ च्या आसपास जाणारच. त्यात बिघाड काही नाही. बिघाड आहे की नाही, हे खोली आणि चिप यांच्या तापमानांतल्या फरकावरून ठरवायचं असतं.

हा फरक तीन टप्प्यांत विभागलेला असतो. पहिला टप्पा चिपपासून कूलरच्या धातूपर्यंत: पेस्ट, दाब, स्क्रू. दुसरा कूलरपासून कॅबिनेटमधल्या हवेपर्यंत: पाती, रेडिएटर, पंखा, पंप. तिसरा कॅबिनेटमधल्या हवेपासून खोलीपर्यंत: जाळ्या, हवा आत घेणारे आणि बाहेर टाकणारे पंखे, पीसी ठेवलेली जागा. लिक्विड कूलर मुख्यतः दुसरा टप्पा सुधारतो. दोष पहिल्या किंवा तिसऱ्या टप्प्यात असेल तर नवा कूलर बसवूनही तो तसाच राहतो. नव्या कूलरबरोबर नवी पेस्ट लागते म्हणून काही दिवस सुधारणा दिसते, एवढंच.

आधी चार आकडे

मोजल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. मोजायला तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो, प्रोसेसरला पूर्ण लोड देणारं सिनेबेंच आर२३ आणि मत्स्यटाकीसाठी मिळतो तसा लांब वायरचा स्वस्त डिजिटल थर्मामीटर एवढं पुरतं. थर्मामीटरचं टोक कूलरच्या पंख्यासमोर, हवा आत शिरते त्या बाजूला, दोन-तीन सेंटीमीटरवर टेपने टांगा. ते पात्यांत अडकणार नाही आणि धातूला टेकणार नाही असं बघा. लिक्विड कूलर असेल तर ते रेडिएटरच्या आत जाणाऱ्या हवेत टांगा.

सिनेबेंचची मल्टी-कोर चाचणी दहा मिनिटं (लिक्विड कूलर असेल तर वीस) चालवा आणि शेवटच्या मिनिटातले चार आकडे लिहून घ्या: खोलीचं तापमान, कूलरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि प्रोसेसर खात असलेले वॅट. एचडब्ल्यूइन्फोत वॅटचा आकडा ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ या ओळीत दिसतो, एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर ‘पीपीटी’ हा आकडाही चालतो. त्यानंतर नेहमीचा जड गेम अर्धा तास चालवून हेच चार आकडे पुन्हा घ्या. दुसरी चाचणी टाळू नका. सिनेबेंचमध्ये ग्राफिक्स कार्ड थंड असतं, त्यामुळे कॅबिनेटचा दोष तिथे दिसतच नाही.

आता दोन हिशोब करा. कूलरमध्ये शिरणाऱ्या हवेतून खोलीचं तापमान वजा केलं की तिसरा टप्पा कळतो. गेम चालू असताना हा फरक ५ अंशांच्या आत असेल तर कॅबिनेट उत्तम. १० च्या वर गेला तर हवा खेळत नाही. दुसरा हिशोब असा: चिपच्या तापमानातून शिरणाऱ्या हवेचं तापमान वजा करा आणि उत्तराला वॅटने भागा. प्रत्येक वॅटमागे चिप किती अंश चढते, ते यातून कळतं. प्रोसेसरबरोबर येणाऱ्या लहान कूलरला साधारण ०.६ ते ०.८, चार हीटपाइपांच्या एका टॉवरला ०.४ च्या आसपास, दोन टॉवरच्या मोठ्या कूलरला ०.३ च्या आसपास आणि ३६० मिमीच्या लिक्विड कूलरला त्याहून थोडं कमी, असा ढोबळ अंदाज धरा. रायझनमध्ये सगळे कोर एकाच लहान चिपलेटवर (सिलिकॉनच्या तुकड्यावर) असतील तर हा आकडा कुठल्याही कूलरवर वाढीव येतो. झेन ४ चे, म्हणजे रायझन ७००० मालिकेतले, कोर असलेला चिपलेट जेमतेम ७० चौरस मिमीचा आहे. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं हीच अडचण असते आणि कूलर मोठा केल्याने ती फारशी हलत नाही.

उदाहरण घ्या. खोली ३६, शिरणारी हवा ४०, चिप ९८, वॅट ८८, कूलर दोन टॉवरचा. ९८ वजा ४० म्हणजे ५८, भागिले ८८, म्हणजे ०.६६. एवढ्या मोठ्या कूलरला हा आकडा शोभत नाही, म्हणजे कूलर नीट टेकलेला नाही. दुसरा पीसी: खोली ३६, शिरणारी हवा ५१, चिप ८९, वॅट तेवढेच. इथे ०.४३ येतो. कूलर आपलं काम करतोय, त्याला मिळणारी हवाच १५ अंशांनी तापलेली आहे. दोन्ही पीसींवर तक्रार ‘९० च्या घरात जातो’ अशीच येईल, पण दोघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

तापमान किती वेगाने चढतं

आलेखाचा आकारही पुष्कळ सांगतो. लोड दिल्यावर एक-दोन सेकंदांत थेट ९५ किंवा १०० गाठलं तर संपर्काचा दोष, किंवा वॅटची मर्यादा मोकळी सुटलेली. दोन-चार मिनिटांत चढून एका जागी स्थिरावलं तर टॉवर कूलर नेहमीसारखा चालतोय. लिक्विड कूलरवर पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून पहिली काही मिनिटं तापमान छान दिसतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी खरं रूप दिसतं. पाच मिनिटांच्या चाचणीवर लिक्विड कूलरला चांगलं म्हणणं चुकीचं आहे.

प्रोसेसर ७० अंशांवर आहे आणि तरीही वेग एकदम ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास कोसळतो, असं दिसलं तर प्रोसेसर सोडा आणि मदरबोर्डचं व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तपासा. सॉकेटशेजारच्या या भागावर स्वस्त बोर्डांत हीटसिंक नसतो. बोर्डाकडे हवा फेकणारा जुना कूलर त्याला आपोआप गार ठेवत असे. लिक्विड कूलर लावला की सॉकेटभोवतीचा वारा थांबतो आणि व्हीआरएम तापून प्रोसेसरला मंद व्हायची आज्ञा देतं. लिक्विड लावल्यावर पीसी आधीपेक्षा मंद झाला, या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. उपाय साधा आहे: मागच्या बाजूचा किंवा वरचा एक पंखा त्या भागावरून हवा ओढेल असा ठेवा, आणि वॅट कमी करा.

पीसी एकदम काळा होऊन बंद पडत असेल तर तोही वेगळा विषय. नेहमी तापणारा प्रोसेसर आधी वेग कमी करतो, झटकन मरत नाही. झटकन बंद पडण्यामागे थांबलेला पंप, निखळलेला कूलर किंवा कमी पडणारा एसएमपीएस असण्याची शक्यता जास्त. आणि इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर तापमान ठीक असूनही गेम कोसळत असतील तर बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, तपासा. व्होल्टेज आवरणारा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४ पासूनच्या बायोसमध्ये आला. तो पुढचं नुकसान टाळतो, आधीच झालेली झीज मात्र भरून येत नाही. त्यासाठी वॉरंटीत प्रोसेसर बदलून घ्यावा लागतो.

पहिला टप्पा: कूलर खरंच टेकलाय का

आपल्याकडच्या घरगुती पीसींमध्ये सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे इंटेलच्या डब्यातल्या कूलरचा एखादा प्लास्टिकचा खिळा नीट न बसणं. चार खिळ्यांपैकी एक जरी अर्धवट असला तरी कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो. खिळ्याचं डोकं बाणाच्या दिशेने फिरवलं की तो सुटतो, म्हणून बसवताना चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवून ठेवा. समोरासमोरचे दोन खिळे एकदम दाबा, मग उरलेले दोन. प्रत्येकाचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. शेवटी बोर्डाच्या मागून टॉर्च मारून बघा: चारही ठिकाणी पांढरी टोकं फाकलेली आणि त्यांच्या मध्ये काळा दांडा आलेला दिसला पाहिजे. पेस्ट बदलल्यावर दोन आठवड्यांत त्रास परत येतो, त्यात या खिळ्यांचा मोठा वाटा असतो. काढताना-बसवताना प्लास्टिक थकतं आणि पकड ढिली होते. खिळे फाटले असतील तर सरळ मागच्या पट्टीवर स्क्रूने बसणारा कूलर घ्या.

जुना कूलर नव्या बोर्डावर चढवला असेल तर पट्टी तपासा. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटची भोकं ७५ मिमी चौरसावर आहेत, एलजीए १७०० ची ७८ मिमीवर, आणि नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंचीही थोडी कमी आहे. ओढूनताणून बसवलेल्या जुन्या पट्टीत दाब कमी पडतो. एएमडीच्या एएम५ वर सॉकेटची मागची धातूची पट्टी काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची मागची पट्टी आणणारे काही जुने कूलर तिथे चालत नाहीत. एलजीए १७०० मध्ये सॉकेटची कडी प्रोसेसरचं झाकण मधोमध किंचित वाकवते. त्यावर कॉन्टॅक्ट फ्रेम मिळते, तिने काही अंशांचा फरक पडतो. पण तिचे स्क्रू जास्त आवळले तर रॅम ओळखली जात नाही, तेव्हा बोटांच्या जोरावर थांबा.

पेस्ट बदलायची पद्धत:

१. दहा मिनिटं लोड देऊन प्रोसेसर कोमट करा, मग पीसी बंद करून वायर काढा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर हे विशेष महत्त्वाचं. थंड पेस्ट चिकटते आणि कूलर उपटताना प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट बाहेर येतो. कूलर आधी हळूहळू डावीकडे-उजवीकडे पिळा, मग उचला.

२. उचलल्याबरोबर तळ बघा. पेस्टचा ठसा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर दोष पेस्टचा नाही, दाबाचा आहे. तळावर पारदर्शक संरक्षक फिल्म तशीच राहिलेली नाही ना, तेही बघा. नव्या कूलरवर ती हमखास विसरली जाते.

३. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत पुसा.

४. एएम४-एएम५ वर मधोमध वाटाण्याएवढा थेंब किंवा पातळ फुली, एलजीए १७०० च्या लांबट झाकणावर पाच लहान ठिपके. जास्तीची पेस्ट दाबाने बाहेर येते आणि घाण करते, तापमान फारसं बिघडवत नाही. कमी पडली तर मात्र नक्की बिघडवते.

५. स्क्रू कर्णरेषेत, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. एक स्क्रू आधी पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका.

पातळ पेस्ट तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकते. दर सहा महिन्यांनी तापमान पुन्हा चढत असेल आणि दाब ठीक असेल, तर एमएक्स-६ सारखी घट्ट पेस्ट किंवा हनीवेलचा पीटीएम७९५० हा पातळ पॅड वापरा. हा पॅड ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतो आणि पेस्टसारखा सरकून जात नाही. कडक उन्हाळ्याच्या गावांत आमची पहिली पसंती त्यालाच आहे. लावल्यावर काही वेळा पूर्ण लोड देऊन निववावं लागतं, तोपर्यंतचे आकडे धरू नका.

पैसे न खर्चता: वॅट आवरा

बरेच मदरबोर्ड बायोसमध्ये इंटेलची वॅटची मर्यादा सोडून देतात. तिथे ४०९६ वॅट असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ मर्यादाच नाही. आय५-१२४०० ला पीएल१ (सततची मर्यादा) ६५ आणि पीएल२ (थोड्या वेळाची मर्यादा) ११७ वॅट द्या. आय७-१३७००के ला कंपनीने २५३ वॅटपर्यंत मुभा दिली आहे, पण ३६ अंशांच्या खोलीत तेवढी उष्णता काढणं ३६० च्या रेडिएटरलाही जड जातं. दोन्ही मर्यादा १५० ते १८० वर आणा. गेममध्ये फरक जाणवणार नाही, कारण गेम तेवढे वॅट घेतच नाहीत. रेंडरचा वेळ थोडा वाढेल.

रायझन ७००० मालिकेतले एक्स अक्षराचे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. मोठा कूलर लावला तरी ते बहुधा ९५ लाच थांबतात आणि मिळालेली जागा वेग वाढवायला वापरतात. म्हणून ‘लिक्विड लावूनही ९५’ ही तक्रार त्यांच्या बाबतीत कूलरविरुद्धचा पुरावा ठरत नाही. बायोसमधल्या पीबीओ या वीज आणि वेगाच्या विभागात इको मोड ६५ निवडा, म्हणजे मर्यादा ८८ वॅटवर येते. किंवा तापमानाची मर्यादा ८५ करा. त्यासोबत कोरचं व्होल्टेज कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोरना उणे १० द्या, दोन-तीन दिवस वापरून स्थिर वाटलं तर उणे १५ किंवा २०. बसल्या जागी पीसी रीस्टार्ट व्हायला लागला तर एक पायरी मागे या. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ अंश आहे आणि गेममध्ये तो फार कमी वॅट खातो, त्याला एक बरा टॉवर पुरतो.

तिसरा टप्पा: कॅबिनेट आणि खोली

गेम चालू असताना कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि दहा मिनिटं थांबा. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड ५-७ अंशांनी उतरलं तर निदान झालं: हवा कोंडते आहे. समोर अखंड काच असलेली, दिव्यांनी सजलेली कॅबिनेटं याबाबतीत सर्वांत वाईट. त्यांतले तीन पंखे काचेमागे बसून एकमेकांचीच हवा फिरवतात. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घेणं हा अशा वेळी लिक्विड कूलरपेक्षा कितीतरी चांगला खर्च आहे.

किती हवा लागते याचा सोपा हिशोब आहे. एकूण वॅटला १.८ ने गुणा आणि दर मिनिटाला खरोखर वाहणाऱ्या घनफूट हवेने, म्हणजे सीएफएमने, भागा. उत्तर म्हणजे कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा किती अंश तापेल ते. ४०० वॅट आणि १०० सीएफएम असतील तर सुमारे ७ अंश. ३० सीएफएम असतील तर २४. पंख्याच्या खोक्यावरचा सीएफएम मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि धूळ मध्ये आली की निम्मासुद्धा उरला तरी पुष्कळ. समोर १२० मिमीचे दोन किंवा १४० मिमीचे दोन पंखे आत, मागे एक बाहेर, एवढी मांडणी बहुतेक घरांना पुरते. जाळी आणि मोटर धरणाऱ्या दांड्या असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा लावलेला मागचा पंखा हा नेहमी सापडणारा दोष आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींमधून न शिरता फिल्टरमध्येच अडते.

कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या बंद कप्प्यात पीसी ठेवला असेल तर वरचे सगळे उपाय वाया जातात. मागे किमान १५ सेंटीमीटर जागा सोडा, कप्प्याचं दार काढून टाका. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर आणि देवघरालगत उदबत्तीची काजळी धुळीला चिकट बनवते. असा थर ब्लोअरने उडत नाही, पंखा काढून ओलसर कापडाने पुसावा लागतो. विदर्भात-मराठवाड्यात खोलीत वाळ्याचा कूलर चालतो. तो खोलीची हवा बरीच खाली आणतो, म्हणजे पीसीला फायदाच. फक्त त्याचा थेट झोत पीसीवर येऊ देऊ नका. झोतासोबत क्षारयुक्त बारीक तुषार येतात आणि ओली धूळ पात्यांमध्ये घट्ट बसते.

सफाई करताना ब्लोअर २०-३० सेंटीमीटरवरून मारा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वाऱ्याने भरमसाट फिरला तर बेअरिंग जातं. लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर धूळ पंखा आणि पात्यांच्या मध्ये गालिच्यासारखी साचते आणि बाहेरून अजिबात दिसत नाही. वर्षातून एकदा पंख्यांचे स्क्रू काढून ती बघा.

लिक्विड कूलर आधीच असेल तर

पहिला प्रश्न: पंप फिरतोय का? एचडब्ल्यूइन्फोत किंवा बायोसमध्ये पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, बघा. पंपाची वायर ‘एआयओ पंप’ किंवा ‘सीपीयू फॅन’ या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जोडणीवर) असावी आणि त्या हेडरचा वेग बायोसमध्ये कायम पूर्ण ठेवावा. तो प्रोसेसरच्या तापमानाला बांधला तर पंप कमी व्होल्टेजवर अडखळतो. सीपीयू फॅनच्या हेडरवर काहीच जोडलं नसेल तर सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ येते आणि लोक उगाच घाबरतात. साध्या हेडरला बहुधा १ अँपिअरची मर्यादा असते, म्हणून स्प्लिटरवर पंखे टांगण्यापूर्वी प्रत्येकावर छापलेले अँपिअर बेरजेला घ्या.

आरपीएम दिसतो पण तापमान चढतं, तर लोडवर असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर १५० वॅटमुळे पाणी फक्त दोनेक अंश तापतं, म्हणून चालू कूलरच्या दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागतात. एक चटका देते आणि दुसरी गार आहे, याचा अर्थ प्रवाह थांबलाय: प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमधल्या बारीक खाचा गाळाने बुजल्या किंवा पंपात हवा अडकली. दोन्ही नळ्या सारख्याच गरम आणि रेडिएटरही गरम, तर प्रवाह ठीक आहे. पंखे किंवा धूळ बघा. दोन्ही नळ्या थंड आणि चिप मात्र शंभरावर, तर पुन्हा पहिल्या टप्प्याकडे जा.

खळखळ आवाज म्हणजे हवा. नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षं थोडं थोडं द्रव उडून जातं आणि त्या जागी हवेचा बुडबुडा वाढतो. तो नेहमी सर्वांत उंच जागी जातो. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं सर्वोत्तम. समोर लावायचा तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं आणि शक्य असल्यास नळ्या खालच्या बाजूला. तळाला लावलेला रेडिएटर म्हणजे बुडबुडा थेट पंपात. जागा बदलल्यावर पीसी चालू ठेवून कॅबिनेट हळूच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे तिरकं करा, अडकलेली हवा रेडिएटरकडे सरकते.

उष्ण गावांत २०० वॅटच्या वरचं ग्राफिक्स कार्ड असेल तर रेडिएटर छताला, हवा बाहेर टाकणारा ठेवा. समोर आत ओढणारा ठेवला तर प्रोसेसर थोडा गार राहतो, पण कार्डाला तापलेली हवा मिळते आणि गेममध्ये खरं काम कार्डच करत असतं. पाणी ६० अंशांच्या खाली राहायला हवं. ज्या कूलरमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आहे, त्याचे पंखे चिपऐवजी पाण्याच्या तापमानाला बांधा. पंख्यांची सतत चढ-उतार थांबते.

मग घ्यायचं काय

६५ वॅट वर्गाच्या प्रोसेसरला चार हीटपाइपांचा १२० मिमीचा टॉवर. १२० ते १८० वॅटला सहा हीटपाइपांचा दोन टॉवरचा, उदाहरणार्थ थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरच्या उंचीची मर्यादा बघा. हा १५५ मिमी उंच आहे आणि नॉक्टुआ एनएच-डी१५ १६५ मिमी. रॅमच्या उंच शोभेच्या पट्ट्या पुढच्या पंख्याला अडतात, त्याचंही माप घ्या. एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग फक्त पंखा असतो. तो मेला तर नवा कुठल्याही दुकानात मिळतो आणि तोवर पीसी मंद का होईना चालतो. घरच्या पीसीला आमचा कौल याच कारणाने टॉवरला आहे.

लिक्विड घ्यायचा तो तीन कारणांसाठी: रेंडर-कंपायलिंगसारखं काम तासन् तास १८०-२०० वॅटच्या वर चालतं, लहान कॅबिनेटमध्ये उंच टॉवर मावत नाही पण २४० मिमीचा रेडिएटर मावतो, किंवा पीसी वारंवार प्रवासात नेताना बोर्डावर किलोभराचं वजन लटकवायचं नाही. घ्यायचा तर २४० पासून पुढे. १२० चा रेडिएटर तेवढ्याच पैशांतल्या टॉवरपेक्षा काही जास्त देत नाही आणि पंपाची जोखीम मात्र गळ्यात पडते. वॉरंटी पाच वर्षांच्या आसपासची असेल असाच निवडा आणि गळतीमुळे इतर भागांचं झालेलं नुकसान तिच्यात धरलंय का, ते वाचा.

सुटे भाग आणून स्वतः जोडलेल्या लिक्विड कूलरमध्ये तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आणू नका. दोन धातूंच्या संगतीने ॲल्युमिनियम गंजतं. बंद कूलरमध्येही हे दोन्ही धातू असतात, पण तिथल्या द्रवात गंजरोधक असतो. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतात आणि बॅटरीच्या पाण्यात गंजरोधक नसतं, म्हणून तयार कूलंटच वापरा आणि वर्षाने बदला. भरल्यावर बाकी पीसीला वीज न देता फक्त पंप २४ तास चालवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून.

कधीही ओलावा दिसला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग वायर काढा. पीसी शटडाउन करत बसू नका. कॅबिनेट अशा कुशीवर ठेवा की थेंब बोर्डापासून दूर पडतील. ग्राफिक्स कार्ड आणि रॅम काढा. द्रव लागलेल्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण कूलंट वाळला तरी मागे राहिलेला थर वीज वाहू शकतो. कार्डाचा स्लॉट आणि पॉवरच्या पिना मऊ ब्रशने पुन्हा साफ करा आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस वाळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको, ती द्रव चिपांच्या खाली ढकलते.